लिहून दिल्याशिवाय नाव घातले जाणार नाही

वर दिलेलं वाक्य माझ्या दुकानाच्या पायरीवर पाटीवर लिहिलेलं आहे. पाटी माझी नाही, उत्तम शिगवणची आहे. दुकान माझं आहे, पण गिऱ्हाइकं आधी त्याची पाटी वाचतात आणि मग दुकानाचं नाव विचारतात. मी दौलत केणे. डोंबिवलीत माझं भांड्यांचं दुकान आहे आणि गेली एकतीस वर्षं उत्तम त्याच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावं घालतो.

आपल्याकडे भांडं नुसतं देत नाहीत. डबा घेतला, तांब्या घेतला, की त्याच्यावर कोणी कोणाला दिलं ते टिंबाटिंबांनी कोरून घ्यायचं, खाली ‘सप्रेम भेट’ आणि तारीख. प्रेम असो नसो, ‘सप्रेम’ असतंच. उत्तमकडे त्यासाठी पेनासारखं एक विजेचं मशीन आहे. ते चालू केलं की टर्रर्र असा आवाज होतो आणि आजूबाजूचं कोणाचं काही ऐकू येत नाही. त्या आवाजातच बावीस वर्षांपूर्वी एका मुंजीच्या एक्कावन्न वाट्यांवर त्याने ‘पाठक’ऐवजी ‘फाटक’ घातलं. मुंजमुलाचा आजा एक्कावन्न वाट्या घेऊन परत आला. त्यातल्या चार अजून माझ्याकडे आहेत, आम्ही त्यातून चटणी खातो.

तेव्हापासून पाटी लागली. गिऱ्हाइकाने चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने मजकूर लिहायचा, खाली सही करायची आणि तो एकदा मोठ्याने वाचून दाखवायचा. मग मशीन चालू. चिठ्ठ्या तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवतो. माझ्या मुलाच्या लग्नात मी हंडा घेतला तेव्हा त्याने माझ्यापुढे पॅड धरलं. मी म्हटलं, “अरे, माझं आडनाव तुला माहीत नाही का?” तो म्हणाला, “माहितीये शेठ. लिहून द्या.” मी लिहिलं, सही केली, माझ्याच दुकानात उभा राहून माझंच आडनाव मोठ्याने वाचलं.

उत्तम मूळचा खेड तालुक्यातला. राहतो जवळच दिवा गावात, चौथ्या मजल्यावर. ती बिल्डिंग उभी आहे तिथे माझा आजा भात लावायचा, तेव्हा चिखलात कमरेएवढं पाणी असायचं. आता उत्तम त्याच जागी टँकरची वाट बघतो.

नवीन नाव घालण्याबरोबर त्याचं दुसरं काम म्हणजे उजळणी. वीस-तीस वर्षांची भांडी घेऊन बायका येतात, घासून घासून नाव पुसट झालेलं असतं. “जरा नाव बघा हो,” म्हणतात. आमच्या धंद्यात ‘जरा बघा’ म्हणजे बघा नव्हे, करून टाका. उत्तम भिंग लावून पुसट टिंबं हुडकतो आणि त्यावरून मशीन फिरवतो. मजकूर भांड्यावरच असतो, म्हणून उजळणीला चिठ्ठी नाही.

सहा वर्षांपूर्वी ठाण्याहून कृतिका नावाच्या एक बाई आल्या. नवऱ्याची नोकरी चार वर्षं हॉलंडमध्ये होती. तिकडच्या जुन्या बाजारातून त्यांनी चांदीचे दोन चमचे आणले होते, दीडशे वर्षांचे. त्यांना मुलीसाठी डबा हवा होता. डबा घेताना त्यांनी चमचे उत्तमपुढे ठेवले आणि म्हणाल्या, “तुम्हाला पुसट अक्षरं कळतात म्हणे. मागे छाप आहेत, जरा बघा ना.” आणि समोर भाजी घ्यायला गेल्या.

त्या परत आल्या तोपर्यंत उत्तमने बघून टाकलं होतं.

चमच्याच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढे छाप होते. एकात सिंह होता, अर्धा झिजलेला. उत्तमने तो पुरा केला. सिंह कधी पाहिलेला नसल्यामुळे त्याला मिशा आल्या. दुसऱ्या छापात शिरस्त्राण घातलेल्या बाईचं डोकं होतं. शिरस्त्राण उत्तमच्या ओळखीचं नव्हतं, अंबाडा ओळखीचा होता. त्याने अंबाडा केला, आणि नाक मोकळं वाटलं म्हणून त्यात नथ घातली. काम, खरं सांगतो, फार सुबक झालं होतं.

कृतिकाबाई स्टुलावर बसल्या. त्यांनी पाणी मागितलं. दुसरा चमचा अजून शिल्लक आहे एवढं त्यांनी हात लावून बघितलं आणि मग शांतपणे उत्तमला समजावलं की हे छाप सरकारी असतात, ते पुसट का असेनात, जसेच्या तसे असले तरच चमच्याला अर्थ असतो, आणि आता हा चमचा जगातल्या कुठल्याही जाणकाराला दाखवला तर तो हसेल. उत्तमने ऐकून घेतलं. जाताना त्यांनी विचारलं, “तुमचे किती झाले?” तो म्हणाला, “सिंहाचे घेत नाही.”

दुसऱ्या दिवसापासून त्याने उजळणी बंद केली. सरसकट. हंडे, कळशा, सगळं. मी समजावलं, रागावलो, की बाबा, चमचा वेगळा आणि सावंतांची कळशी वेगळी. तो म्हणाला, “शेठ, झिजलेलं वाचायचं. त्याच्यावर हात फिरवायचा नाही.” माणूस हट्टी आहे. गिऱ्हाईक माझं तुटलं.

पण तेवढ्यावर थांबला असता तर उत्तम कसला. त्याची मुलगी संचिता कॉलेजात होती, तिच्या फोनवर त्याने डच चांदीचे छाप बघायला सुरुवात केली. वर्षभर तो दुपारचा डबा खाताना तेच बघायचा. मागच्या दोन पायांवर उभा सिंह म्हणजे चांदी जास्त शुद्ध, चारी पायांवर चालणारा सिंह म्हणजे थोडी कमी. बाईच्या शिरस्त्राणात एक बारीक अक्षर असतं, त्यावरून शहर कळतं. वेगळं एक अक्षर असतं ते सालाचं. एक छाप बनवणाऱ्याचा. फार बारीक वस्तू असली तर नुसती तलवार. हे सगळं तो मला सांगायचा, मी स्टीलच्या पातेल्यांची यादी करत असताना.

मग तो कृतिकाबाईंचा राहिलेला चमचा बघायला ठाण्याला गेला, आपणहून, रजा टाकून. मशीन मुद्दाम दुकानात ठेवून गेला आणि तसं त्यांना दारातच सांगितलं. त्याने चमचा खिडकीपाशी आडवा धरला, बोटाने नाही तर उजेडाने चाचपला आणि सांगितलं की हा चालणारा सिंह आहे, पाय गेलेत पण शेपटीचा वळसा शिल्लक आहे. उभ्या सिंहाची शेपटी अशी पडत नाही. त्यांनी तिकडच्या एका माणसाला फोटो पाठवला. उत्तर तेच आलं. तेव्हापासून कृतिकाबाई त्याच्याकडे माणसं पाठवतात. आपल्याकडे अर्ध्या घरांतली मुलं तिकडे नोकरीला आहेत आणि जुन्या बाजारात चमचे स्वस्त मिळतात, त्यामुळे माणसांना तोटा नाही. उत्तमची पद्धत साधी आहे. चमचा घासायचा नाही, पावडर लावायची नाही. तिरपा उजेड, भिंग, आणि शेवटचा उपाय म्हणजे चष्म्याच्या काचेवर सोडतो तशी तोंडाची वाफ. ठोकून उमटवलेली खूण वरून झिजली तरी खाली धातू दबलेला राहतो, तिथे वाफ वेगळी बसते आणि वेगळी उडते. दोन सेकंद खूण दिसते आणि जाते. त्या दोन सेकंदांत जे वाचता येईल ते वाचायचं.

आता माझ्या आईचं सांगतो, कारण हे सगळं तिथेच येऊन पोचलं.

माझी आई हौसाबाई त्र्याऐंशी वर्षांची आहे. तिच्याकडे एक चमचा आहे. आमच्या घरात माझ्यासकट प्रत्येक पोराचं उष्टावण त्या चमच्याने झालं. आई तरुणपणी ठाण्याला एका बंगल्यात मूल सांभाळायला जायची. कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला परदेशी साहेब, त्याची बायको आणि त्यांचं तान्हं मूल. आईने ते मूल दोन वर्षं सांभाळलं. ती माणसं मायदेशी निघाली तेव्हा बाईने मुलाचा जेवायचा चमचा आईला दिला. बाईचं नाव आईला कधी कळलंच नाही. ती तिला ‘बाय’ म्हणायची आणि बाई तिला ‘हौसा’. एवढ्या भाषेवर दोघींचं दोन वर्षं भागलं.

चमचा घरी आला आणि कलावतीकाकी म्हणाली, चोरून आणला. कलावतीकाकी म्हणजे माझी चुलती, आईची धाकटी जाऊ. आमच्या घरात शाळेत गेलेली ती पहिली सून, चौथी पास. चौथी शिकलेली काकी मिठागरात डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहायची आणि अंगठा उठवणारी आई बंगल्यात जायची. ते तिला सोसवलं नाही असं मला वाटतं. पण तिच्या बोलण्याचं गावाने ऐकलं, कारण ती वाचायची. काकीच्या पोरांच्या उष्टावणाला तो चमचा तिने कधी लावू दिला नाही. आई भांडली नाही. फक्त आजारी पडली की म्हणायची, “मरायचे आधी एकदा कलीचे तोंडून ऐकायचा हाय, का हौसानी चोरला नाय.” दर आजारपणात हेच. आम्ही औषधं द्यायचो.

यंदा माझ्या नातीचं उष्टावण ठरलं. माझी सून कल्पिता शिकलेली, तिने चमचा आधी तपासून घेतला. सराफ म्हणाला, यावर आपल्याकडचा सरकारी शिक्का नाही, काय धातू आहे सांगता येत नाही, मुलीच्या तोंडात घालू नका. आई त्या दिवशी जेवली नाही. मला उत्तम आठवला. तेव्हा लक्षात आलं की सहा वर्षं मी त्याची थट्टा करतोय आणि घरात असलेला परदेशी चमचा मी त्याला कधी दाखवला नाही. आईवरच्या आळाचा विषय दुकानापर्यंत नको, म्हणून. मलाही, म्हणजे, कुठेतरी खात्री नव्हती. हे लिहायला लाज वाटते.

उष्टावणाला उत्तमला मी घरी बोलावलंच होतं. पाहुण्यांनी आणलेल्या भांड्यांवर तिथल्या तिथे नावं घालायची म्हणून तो मशीनही घेऊन आला होता. हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसं होती. कलावतीकाकी सोफ्यावर, चष्मा केसात सरकवलेला. आई खाली चटईवर, नात मामाच्या मांडीवर, खीर वाटीत. मी सगळ्यांसमोर उत्तमच्या हातात चमचा दिला.

तो खिडकीपाशी गेला. भिंग लावलं. दोन-तीनदा वाफ सोडली.

“अहो, तो तिच्या तोंडात जाणार आहे,” कल्पिता म्हणाली.

“धुवून घ्या नंतर,” उत्तम म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “शेठ, डच आहे. चालणारा सिंह. बाईचं डोकं अर्धं आहे, पण टोपीची कड दिसते. शंभर टक्के चांदी... म्हणजे शंभर नाही, पण चांदी.”

आईने हात जोडले. मी सराफाला मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या. तेवढ्यात काकी सोफ्यावरून म्हणाली, “चांदीचा? मंग तं झालाच. चांदीचा चमचा मोलकरनीला कोन फुकट देतंय?”

साठ वर्षं निदान एवढं तरी होतं की चमचा हलक्या जर्मन धातूचा असेल, कशाला कोण चोरेल. उत्तमने तेही काढून घेतलं. मला त्याचा राग आला, काकीपेक्षा जास्त आला. आई खिरीच्या वाटीकडे बघत बसली.

उत्तमचा चेहरा सिंहाला मिशा काढल्या त्या दिवशी झाला होता तसा झाला. तो परत खिडकीकडे वळला. आता तो छाप सोडून चमच्याची दांडी बघत होता.

“मावशी,” त्याने आईला विचारलं, “दांडी इथेच एवढी का झिजलीय? बाकी चमचा बरा आहे.”

“थं काले डाग व्हते,” आई म्हणाली. “बारीक बारीक. मना तं दिसत पन नव्हते, कलीनी दाखवले. बोलली, डाग हान, राखेनी घास. मंग मी रोज घासले. चार-पाच वरसां लागली जायाला.”

उत्तमने दांडीवर वाफ सोडली आणि बघितलं. परत सोडली. मग तो खिडकीच्या कठड्याला टेकला.

“डाग नव्हते ते,” तो म्हणाला. “टिंबं होती. नाव घातलंय याच्यावर. मशीनचं नाही, छिन्नी-हातोडीचं काम आहे.” अजून एकदा वाफ. “हा ‘स’ बघा, पोटात गाठ मारलेला. ठाण्याचे भिवा मास्तर असा काढायचे. मी त्यांच्याकडेच शिकलोय, हा ‘स’ दुसरा कोणी काढत नाही.”

म्हणजे त्या परदेशी बाईने आपल्याकडची माणसं भांडं कसं देतात ते दोन वर्षांत बघून ठेवलं होतं, आणि निघायच्या आधी ठाण्याच्या बाजारात जाऊन चमच्यावर नाव घालून घेतलं होतं. आणि ज्या बाईला तो दिला तिला वाचता येत नव्हतं, हे तिच्या ध्यानात आलं नसावं.

“काय लिवलंय?” आईने विचारलं.

उत्तम वाफ सोडत होता आणि एकेक अक्षर सांगत होता. मामा नातीला घेऊन त्याच्या मागे उभा राहिला. “हौ... सा... स. हौसास. खाली सप्रेम भेट. ते मला दोन अक्षरांवरूनच कळतं. त्याच्या खाली देणाऱ्याचं नाव आहे, ते फार गेलंय. पहिला ‘म’. शेवटी मात्रा आहे. मधलं लागत नाही. मनीषे? मंजिरे? असलं नाव नसतं.”

“मरायके,” कलावतीकाकी म्हणाली.

ती खिडकीपासून दहा फुटांवर होती. चष्मा केसातच होता. ते नाव आमच्या घरात, आमच्या गावात, कोणी कधी उच्चारलं नव्हतं, कारण कोणाला माहीतच नव्हतं. उत्तमने परत वाफ सोडली आणि भिंगातून बघितलं. “म. रा. य. के,” तो म्हणाला. “बरोबर आहे.”

काकीच्या ध्यानात आलं असावं. तिने चष्मा खाली ओढून डोळ्यांवर घेतला, आता त्याचा काही उपयोग नसताना.

मला काय वाटलं ते सांगतो. मला ओरडायचं होतं. माझी आई साठ वर्षं चोर होती आणि ती चोर नाही हे लिहिलेलं तिने स्वतःच्या हाताने, राख लावून, पाच वर्षं घासून पुसून टाकलं होतं, आणि घासायला सांगितलं होतं हिने, वाचून. मी तोंड उघडलं, पण आईने माझ्या पायाला हात लावून मला गप्प केलं.

ती काकीकडे बघत नव्हती. ती उत्तमला म्हणाली, “उजळ ते.”

“मी झिजलेलं उजळत नाही, मावशी. तुम्हाला शेठनी सांगितलं असेल. आणि उजळलं तर जुनं कायमचं जाईल. उद्या कोणी म्हणेल, हे आत्ताच घालून घेतलं.”

“कोन बोलंल?” आई म्हणाली. आणि तेव्हा तिने काकीकडे बघितलं.

उत्तमने भिंग खाली ठेवलं. मग प्लग शोधला, मशीन लावलं, पण चालू केलं नाही. खिशातून चिठ्ठ्यांचं पॅड आणि पेन्सिल काढली. उजळणीला चिठ्ठी लागत नाही, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. तो पॅड घेऊन माझ्याकडे आला नाही, आईकडेही गेला नाही. तो सोफ्यापाशी गेला आणि पॅड कलावतीकाकीपुढे धरलं.

“मजकूर लिहून द्या,” तो म्हणाला.

मला वाटलं ती उठून जाईल. गेली असती तरी कोणी अडवलं नसतं. काकीने पेन्सिल घेतली. तिचं अक्षर अजून चौथीतलं आहे, वळणदार, रेघ न सोडणारं. तिने तीन ओळी लिहिल्या आणि पॅड परत दिलं.

“खाली सही.”

तिने सही केली.

“आता एकदा मोठ्याने वाचा.”

काकीने चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली. “हौसास सप्रेम भेट,” तिने वाचलं. “मरायके. एकोणीसशे चौसष्ट.” साल उत्तमने सांगितलं नव्हतं.

मशीन अजून बंद होतं. हॉलमध्ये पंख्याचा तेवढा आवाज होता.

“जरा मोठ्यानी,” आई म्हणाली. “नाय ऐकू आला.”

काकीने पुन्हा वाचलं, या वेळी स्वयंपाकघरातल्या बायकासुद्धा बाहेर आल्या इतक्या मोठ्याने. उत्तमने चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि मशीन चालू केलं.